इंजिनाची काजळी: हेड उतरवण्याआधी ती कुठून आली ते बघा



बंदी चालू आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या यांत्रिक बोटी दर्यात जाणार नाहीत. या दिवसांत कमाई शून्य आणि खर्च मात्र चालूच. जाळ्यांची दुरुस्ती, तळाचा रंग, आणि सगळ्यात मोठा खर्च इंजिनाचा. सध्या सोसायटीच्या ऑफिसात बोटमालक येतात आणि एकच प्रश्न विचारतात: "इंजिन काळा धूर मारतंय, कार्बन धरलाय. हेड उतरवू, की डिझेलात औषध घालून बघू?"

या दोन्हीच्या आधीचा प्रश्न असा, की कार्बन धरला कशामुळे? काजळी ही आजाराची खूण आहे. तापाची गोळी घेतली म्हणून मलेरिया जात नाही. तसेच कारण जागच्या जागी ठेवून नुसते हेड घासले, तर दिवाळीपर्यंत तोच धूर परत येतो.

आपल्या एका सभासदाने लागोपाठ दोन बंद्यांत हेड उतरवून कार्बन काढून घेतला. दोन्ही वेळा गॅस्केट, मजुरी, वॉल्व्हचे काम, सगळा खर्च झाला. तिसऱ्या वर्षी जेटीवर कोणीतरी सहज विचारले, "पंखा कधी बदललास रे?" तेव्हा उलगडा झाला. जुना पंखा तुटल्यावर जो नवा बसवला, तो मापाने मोठा होता. इंजिन कधी पूर्ण रेसला पोचतच नव्हते. दोष पंख्यात आणि पैसे गेले हेडवर.

असे कोणाचे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत. ज्या घरांत बोटीचा हिशोब बायका सांभाळतात, तिथे त्यांनीही वाचावे. मेकॅनिकचे बिल शेवटी त्यांच्याच वहीत चढते.

काजळी होते कशी

डिझेल पूर्ण जळले तर त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू आणि पाण्याची वाफ निघते. काळे काही उरत नाही. पण पूर्ण जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि डिझेलचा बारीक फवारा. यातले एक जरी कमी पडले तरी डिझेल अर्धवट जळते आणि काजळी तयार होते.

हवा किती लागते ते ऐकून आश्चर्य वाटेल. १ किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. १ लिटर डिझेलचे वजन सुमारे ८४० ग्रॅम, म्हणजे लिटरला सुमारे १२ किलो हवा. ही हवा जागेत मोजली तर जवळजवळ १० हजार लिटर होते. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तशा दहा टाक्या भरून हवा, फक्त एका लिटरला! आणि हा हिशोब कमीत कमी हवेचा आहे. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून जास्त हवा ओढते. तासाला २० लिटर खाणारे इंजिन म्हणजे तासाला दोनशे टाक्यांच्या वर हवा. आता आपल्या इंजिन रूमचे झाकण आणि त्यावर ठेवलेली जाळी, दोर, क्रेट आठवा. हवा आत जाणार कुठून?

नुसती सुकी काजळी बरीचशी धुरावाटे निघून जाते. पण तिच्यात न जळलेले डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळले की ती चिकट होते, उष्णतेने भाजते आणि दगडासारखी घट्ट बसते. ही बसते कुठे? पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचांत, एक्झॉस्ट वॉल्व्हच्या दांड्यावर आणि सीटवर, नोझलच्या टोकाला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या गरम बाजूला आणि धुराच्या पाइपात.

रिंगा खाचेत अडकल्या की कॉम्प्रेशन जाते आणि ऑइल वर चढते. ऑइल चढले की आणखी काजळी. वॉल्व्ह नीट बसला नाही की तो जळतो. म्हणजे काजळी काजळीला वाढवते. म्हणून वेळीच बघणे गरजेचे.

बोटीच्या जुन्या इंजिनात ती जास्त का धरते

१. रिकामे चालणे. नांगर टाकून दिव्यांसाठी, बॅटरीसाठी तासन्‌तास इंजिन हळू रेसवर ठेवतो. त्या वेळी आतली उष्णता कमी असते, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि ओलसर काळे थर साचतात.

२. जास्त ओढ. पंखा मोठा, पंख्यात दोर अडकलेला, तळाला शेवाळ आणि शिंपले, किंवा जाळे इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठे. इंजिनाला रेस भरत नाही. पंप डिझेल पूर्ण सोडतो, पण कमी रेसला हवा तेवढी येत नाही. परिणाम काळा धूर.

३. नोझल. टोक झिजले, स्प्रिंग ढिली पडली, तर फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. थेंब पूर्ण जळत नाही. जास्त दिवस तसेच चालवले तर पिस्टनला भोक पडू शकते आणि लायनरवरचे ऑइल धुऊन निघते.

४. पंपाचे टायमिंग मागे गेलेले. डिझेल उशिरा पडते, जळायला वेळ पुरत नाही.

५. हवेची अडचण. एअर फिल्टर तुंबलेला, टर्बो कमजोर, टर्बोनंतरचा पाइप सैल, इंजिन रूम बंद. गरम हवा पातळ असते, त्यामुळे तापलेल्या इंजिन रूममधली हवा मापाने तेवढीच ओढली तरी वजनाने कमी भरते.

६. थर्मोस्टॅट काढून टाकलेला. "इंजिन थंड राहू दे" म्हणून काही बोटींवर तो काढून फेकतात. इंजिन जास्त तापणे वाईट, तसे कायम थंड राहणेही वाईट. ज्या इंजिनाला कंपनीने थर्मोस्टॅट दिला आहे, त्याला तो असलाच पाहिजे.

७. ऑइल जळणे. झिजलेल्या रिंगा, लायनर, वॉल्व्ह गाइड, किंवा टर्बोचे सील. ही काजळी तेलकट असते.

८. डिझेलात पाणी किंवा भेसळ. रॉकेल मिसळलेले डिझेल कोरडे असते, त्यामुळे पंप आणि नोझल झिजतात. म्हणजे पुन्हा तिसऱ्या कारणावर आलो.

धूर काय सांगतो

काळा धूर: डिझेल जास्त, हवा कमी. फिल्टर, टर्बो, नोझल, टायमिंग, पंखा हे बघा.

निळा धूर: ऑइल जळते आहे. रिंगा, गाइड, टर्बो बघा.

पांढरा धूर: सकाळी स्टार्टला थोडा येऊन गेला तर काळजी नको. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर दोन शक्यता असतात. डोळ्यांना झोंबत असेल तर न जळलेले डिझेल. वाफेसारखा असेल आणि टाकीतले पाणी कमी होत असेल तर गॅस्केट किंवा हेडला चीर. ज्या बोटींच्या धुराच्या पाइपात समुद्राचे पाणी सोडलेले असते, तिथे वाफ दिसणारच, तिला घाबरू नये.

धुरातून ठिणग्या उडत असतील तर आतली काजळी पेटते आहे असे समजा. फायबरची केबिन, वर वाळत घातलेली जाळी, आणि शेजारी ठिणग्या. हे काम पुढच्या हंगामावर ढकलायचे नाही.

हेड उतरवण्याआधी या तपासण्या करा

पहिली, तांडेलाला विचारा. मे महिन्यात जाळे न ओढता, पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मीटर किती रेस दाखवायचा? इंजिनाच्या पाटीवर जी रेस लिहिली आहे ती भरत होती का? नसेल, तर आधी पंखा आणि तळ बघा. बांधलेल्या बोटीवर ही चाचणी होत नाही, तिथे रेस कमीच भरते. पण बोट वर ओढलेली असेल तर पंखा समोरच आहे. पंख्याच्या बुंध्यावर बहुधा व्यास आणि पिच कोरलेले असते, ते जुन्या पंख्याशी ताडून बघा.

दुसरी, एअर फिल्टर काढून उजेडात धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर नवा घाला. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच सगळ्यात शेवटी सुचतो.

तिसरी, ब्रीदरकडे बघा. इंजिन गरम झाल्यावर ब्रीदरमधून जोराने धूर भकभकत असेल तर रिंगांतून गॅस खाली उतरतो आहे.

चौथी, नोझल काढून टेस्ट मशीनवर लावून घ्या. दाब पुस्तिकेप्रमाणे आहे का, फवारा सारखा आहे का, थेंब लोंबतो का, तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मेकॅनिकने "नोझल ठीक आहेत" म्हटले तरी मशीनवर बघायचेच.

पाचवी, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून आकडे वहीत लिहा. सगळे सारखे आणि चांगले असतील तर रिंगा-वॉल्व्ह ठीक आहेत, हेड उतरवायची घाई नको. एकच कमी असेल तर रोग त्याच घरात आहे.

एक सूचना. जुन्या पंपाच्या इंजिनावर मेकॅनिक एकेक नोझलचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखतात. नव्या कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नये. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि ते कातडीत घुसते. कोणत्याही इंजिनावर गळती शोधायला बोट लावू नका, पुठ्ठा धरा. डिझेल कातडीत घुसले, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठा.

साफ करायचे मार्ग आणि कशाचा किती उपयोग

लोड देऊन चालवणे. काजळी हलकी, सुकी आणि रिकामे चालल्यामुळे धरलेली असेल, तर इंजिन पूर्ण गरम करून अर्धा-पाऊण तास चांगल्या लोडवर चालवल्याने बरीच जळून जाते. हे बंदी उठल्यावर दर्यातच होईल. मात्र मॅनिफोल्ड आणि पाइप तेलकट असतील तर आधी ते साफ करा, नाहीतर आतच आग धरेल.

डिझेलात घालायचे औषध. चांगल्या प्रतीचे औषध नोझलचे टोक स्वच्छ ठेवायला मदत करते. पण भाजून घट्ट झालेला थर, अडकलेल्या रिंगा, तुंबलेला मॅनिफोल्ड यावर बाटलीचा इलाज नाही. झिजलेले नोझल तर औषधाने नवे होत नाही. वापरायचे असेल तर नोझल चांगले असताना, प्रमाण बघून वापरा.

गॅरेजमधली कार्बन क्लीनिंग मशीन. हवेच्या वाटेने गॅस सोडून अर्ध्या-पाऊण तासात साफ करतो म्हणतात. आमचे म्हणणे एवढेच, की आधीचे आणि नंतरचे कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा. आकडे द्यायला तयार नसेल तर पैसे खिशात ठेवा.

हेड उतरवून हाताने साफ करणे. घट्ट काजळीवर खात्रीचा उपाय हाच. खर्चाचा आणि मेहनतीचा आहे, म्हणून एकदाच आणि नीट करून घ्यायचा.

हेडचे काम चालू असताना मालकाने काय बघावे

काम मेकॅनिकच करणार. पण मालक किंवा तांडेल शेजारी उभा असावा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हेडचे बोल्ट सोडायचे, तेही बाहेरून आत, थोडे थोडे. गरम हेड सोडले तर ते वाकते. त्याआधी बॅटरी सोडा आणि समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. पंपाची आणि नोझलची तोंडे स्वच्छ टोप्यांनी झाका. तिथे चिंधी कोंबू नका, तिचा धागाही आत जाता कामा नये.

हेड निघाल्यावर लगेच घासायला लागू नका. आधी मोबाइलवर प्रत्येक सिलिंडरचा फोटो काढा. काजळी सगळ्यात जास्त बोलते ती याच वेळी. सगळ्या पिस्टनवर सारखी सुकी काळी काजळी असेल तर दोष हवेत, ओढीत किंवा टायमिंगमध्ये. एकाच पिस्टनवर जास्त असेल तर त्या घराचे नोझल. ओली, तेलकट असेल तर रिंगा किंवा गाइड. आणि एखादा पिस्टन धुतल्यासारखा चकचकीत दिसला तर आनंद मानू नका, तिथे पाणी शिरते आहे. एकदा घासून टाकले की हा सगळा पुरावा गेला.

पिस्टन वर आणून साफ करायचे. बाकीची घरे स्वच्छ कापडाने झाकायची. पिस्टन आणि लायनरच्या फटीत बोटाने ग्रीस भरायचे, म्हणजे पडलेले कण त्यात अडकतात. घासून झाले की पिस्टन थोडा खाली घेऊन ते ग्रीस कणांसकट पुसून काढायचे. दोनदा करा. एक कणही रिंगेत अडकला तर लायनरवर ओरखडा उठतो.

घासायला लाकडाची किंवा बांबूची पट्टी, पितळी ब्रश, तांब्याचा तुकडा वापरा. ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर लोखंडी पटाशी चालवू नका. ओरखड्यांत काजळी पुन्हा लवकर धरते. पॉलिश पेपर आणि ग्राइंडरला लावायच्या घासणी चकत्या इंजिनावर वापरूच नका. त्यांची बारीक रेती ऑइलमधून बेअरिंगमध्ये जाते, आणि मग स्वच्छ दिसणारे इंजिन काही दिवसांतच बेअरिंग खाते.

कॉस्टिक सोडा फक्त लोखंडी भागांसाठी. ॲल्युमिनियम त्यात विरघळते आणि पेटणारा हायड्रोजन वायू निघतो. लोखंडी हेड असले तरी हे काम वर्कशॉपमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालून व्हावे. वॉल्व्ह वगैरे सुटे भाग रात्रभर रॉकेलमध्ये भिजवले तरी बरीच काजळी सुटते.

वॉल्व्हना क्रमांक द्या. ज्याचा तो वॉल्व्ह त्याच्याच सीटवर गेला पाहिजे. लॅपिंग झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून थोडा वेळ थांबा. सीटमधून पाझरले तर काम पुन्हा करा.

नोझलची भोके टाचणीने टोकरू नका. बसवताना जुना तांब्याचा वॉशर भोकात अडकून राहिला आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघा. जुन्यावर नवा वॉशर बसला तर नोझल वर उचलला जातो, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि नव्या कामावर पहिल्या महिन्यातच काजळी धरते. चूक काही रुपयांच्या वॉशरची, पण नंतर कोणालाच सापडत नाही.

मॅनिफोल्ड आणि धुराचा पाइप विसरू नका. हेड चकचकीत आणि पाइप अर्धा तुंबलेला असेल तर धूर बाहेर पडायला जागा नाही, म्हणजे ताजी हवा आत यायलाही जागा नाही. पाइपाचा कोपरा खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेला असेल तर नवाच घाला. टर्बो मात्र घरी खरवडू नका, त्याचे माप फार नाजूक असते.

बसवताना नवे गॅस्केट, हेड वाकले आहे का याची सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासणी, आणि बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. "अंदाजाने आवळतो" ऐकून घेऊ नका. मग टॅपेट सेटिंग. शेवटी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. कितीही काळजी घेतली तरी थोडे कण खाली उतरतातच.

हे कधीही करू नका

चालू इंजिनात हवेच्या वाटेने पाणी सोडणे. पाण्याची वाफ काजळी काढते हे ऐकून काही जण हा प्रयोग करतात. पाणी दाबले जात नाही. थोडे जास्त गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडात पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे मारणे. डिझेल इंजिन जे मिळेल ते जाळते आणि रेस हाताबाहेर जाऊ शकते. अशा वेळी डिझेल बंद करूनही ते थांबत नाही, हवा बंद करावी लागते, तीही जाड फळीने. हात किंवा चिंधी लावू नका.

बंद इंजिन रूममध्ये काजळी फुंकणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातले. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि जेवणाआधी साबणाने हात. शिकाऊ पोरांना हे आपणच सांगायला हवे.

काळे पाणी आणि जुने ऑइल नदीत ओतणे. बंदीचे दिवस माशांच्या विणीचे आहेत. खाडीत ओतलेले ऑइल शेवटी आपल्याच जाळ्यात येते. ड्रममध्ये साठवा आणि परवाना असलेल्या भंगारवाल्यालाच द्या.

होडीचे आउटबोर्ड आणि मासळीची पिकअप

टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे काजळी थोडी धरणारच. ती वाढते दोन कारणांनी. "ऑइल जास्त असेल तर इंजिन टिकते" ही एक समजूत. पुस्तिकेत पन्नासास एक प्रमाण दिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, डोळ्याने नाही, मापाने. दुसरे म्हणजे मोटारसायकलचे टू-टी ऑइल वापरणे. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू-३ असे लिहिलेले ऑइल येते, त्याची राख उरत नाही. स्पार्क प्लग काळा, ओला निघू लागला की इशारा समजा.

जेटीवरून पहाटे बाजारात मासळी नेणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपची गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याच गाड्यांना ईजीआर वॉल्व्ह असतो, जो थोडा धूर पुन्हा हवेच्या वाटेत सोडतो. तो धूर आणि ब्रीदरचे तेलकट बाष्प मिळून हवेचा पाइपच आतून डांबरासारखा तुंबतो. छोट्या फेऱ्या आणि उभ्या गाडीचे चालू इंजिन यामुळे हे लवकर होते. हा वॉल्व्ह आणि पाइप काढून साफ करता येतो, हेड उतरवावे लागत नाही. कोणी ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणाले तर नको म्हणा. ते बेकायदेशीर आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीला धुराच्या पाइपात काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते. तिचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर एकसारख्या वेगाने गाडी चालवा. दिवा लागलेला असताना दुर्लक्ष केले तर खर्च मोठा.

पुन्हा धरू नये म्हणून

नांगरावर विनाकारण इंजिन चालू ठेवू नका. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी परवडते. इंजिन रूमची हवेची तोंडे मोकळी ठेवा. ऑइल तासांच्या हिशोबाने बदला, आठवणीच्या हिशोबाने नको. डिझेलच्या फिल्टरमधले पाणी रोज काढा. जाळे मोठे घेतले, पंखा बदलला, तर पूर्ण रेस भरते का ते पहिल्याच दिवशी बघा.

आणि एक वही करा. प्रत्येक फेरीला तीन आकडे: इंजिन किती तास चालले, डिझेल किती लागले, ऑइल किती घातले. समजा तासाला २० लिटर खाणारे इंजिन २२ खाऊ लागले. दोन लिटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण दिवसाचे १० तास आणि हंगामाचे १८० दिवस धरले, तर ३,६०० लिटर होतात. आजच्या पंपावरच्या भावाने गुणून बघा. हेडचे काम, नोझल टेस्ट आणि नवा फिल्टर त्यात निघून काहीतरी उरेलही. वहीत आकडा चढताना दिसला, तर डिसेंबरमध्येच कळेल. धूर दिसेपर्यंत, म्हणजे मेपर्यंत थांबावे लागणार नाही.

३१ जुलैला अजून दिवस आहेत, पण नोझल टेस्ट करणाऱ्यांकडे आणि लेथवाल्यांकडे जुलैच्या शेवटी रांग लागते. पहिल्या पाच तपासण्या या आठवड्यातच करून घ्या. मेकॅनिकने दिलेल्या अंदाजपत्रकात कशासाठी किती लावले आहे ते कळत नसेल, तर कागद आणि काढलेले फोटो घेऊन ऑफिसात या. सोबत बसून वाचू, आणि हेड उतरवायचे की पंखा बदलायचा ते ठरवू.